पाण्याचा परवाना आणि न्यायासन

ओढ्याचें पाणी वळविण्याचा परवाना सरकारनें एकदां दिला, म्हणजे तें पाणी कायमचें परवानेदाराचें झालें काय? आणि त्यापासून पुढें सर्वांचीच हानि होऊं लागली, तर न्यायासनानें त्यांत कितपत हात घालावा? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत मोनो सरोवरासंबंधीं जो खटला झाला, त्यांत या दोन्ही प्रश्नांचा निर्णय लागला.

मोनो सरोवर सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याशीं आहे. पर्वतावरचे ओढे त्यांत येऊन मिळतात. बाहेर जाण्यास मात्र पाण्याला वाट नाहीं. त्यामुळें तें समुद्राहूनही खारट आहे. मासा त्यांत जगत नाहीं, परंतु बारीक कोळंबी अमाप होते, आणि तिच्यावर पोसणारे कुरव पक्षी तेथील बेटांवर अंडीं घालतात.

दूरच्या लॉस एंजेलिस शहरानें पांचांपैकीं चार ओढ्यांचें जवळजवळ सर्व पाणी मागितलें. १९४० सालीं सरकारी जलखात्यानें तें मंजूर केलें. सरोवराची शोभा जाईल हें खात्यास दिसत होतें. पण घरगुती वापर हाच पाण्याचा श्रेष्ठ उपयोग असें कायदा सांगतो, तेव्हां आपला इलाज नाहीं, अशी त्यानें समजूत करून घेतली. पुढच्याच वर्षीं पाणी तीनशें मैलांहून लांब वाहूं लागलें. १९८२ पर्यंत सरोवर सुमारें ४५ फूट खालीं गेलें व खारटपणा दुपटीच्या घरांत पोंचला. मध्यंतरीं एका बेटापर्यंत कोरडी वाट पडून कोल्ह्याच्या जातीचीं श्वापदें घरट्यांवर तुटून पडलीं.

१९७९ सालीं पक्षिरक्षकांच्या ऑडुबॉन संस्थेनें दावा लावला, आणि १९८३ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. राज्य हें लोकांच्या वतीनें पाण्याचें विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताचें कर्तव्य परवान्यावर शिक्का उमटतांच संपत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. तथापि त्यानें शहराचें पाणी तोडलें नाहीं. शहराची तहान खरी होती. तिच्यासाठीं कांहीं हानि सोसावीही लागेल, हें त्यानें मान्य केलें. त्याचा आक्षेप एवढाच, कीं सरोवराची हानि कोणत्याही अधिकाऱ्यानें तराजूंत घातलीच नव्हती; ती आतां घालून फेरविचार व्हावा.

न्यायासनाच्या अधिकाराची खरी मर्यादा येथें दिसते. न्यायाधीश पाण्याची वांटणी करीत नाहीं. वांटणाऱ्यानें कायद्यानें नेमलेल्या सर्व गोष्टी मनांत घेतल्या कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. फेरविचारांतीं १९९४ सालीं जलमंडळानें सरोवराची पातळी ६,३९२ फुटांवर आणण्याचा हुकूम केला. पण गेलेलें पाणी लवकर परत येत नाहीं. त्या हुकुमास २०२४ सालीं तीस वर्षें झालीं, तरी सरोवर तेथवर चढलें नव्हतें.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९९६ सालीं बियास नदीकांठच्या एका खटल्यांत हें विश्वस्ताचें तत्त्व स्वीकारतांना मोनोच्या निकालाचा दाखला घेतला. तेव्हां आपल्या गांवच्या नदीवर कोणास परवाना मिळाल्याचें वाचनांत आलें, तर तो कोणास मिळाला एवढेंच पाहून थांबूं नये. तो देतांना कोणाकोणाचा विचार झाला, हेंही विचारावें. तें विचारण्यास न्यायासनाचें दार उघडें आहे; मात्र पाणी आटण्यापूर्वीं विचारलेलें बरें.