मांदेलीची ओळख

मासळीचा विषय आमच्याकडे कसा, असे आपणांस वाटेल. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांची संघटना बांधताना आम्ही तो त्यांच्याकडूनच शिकलो.

मांदेली जेमतेम वीतभर. रंग सोनेरी, अंग मागे निमुळते होत गेलेले. पोटाखालचा पर थेट शेपटीला भिडतो. छातीच्या परातून दोऱ्यासारखे तंतू निघतात आणि पोटाच्या कडेने मोतिया ठिपक्यांच्या ओळी असतात. १८४८ साली व्हॅलेंसिएन या फ्रेंच पंडिताने तिला द्युस्युमिएर नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याचे नाव दिले. कोळणींचे नाव त्याहून जुनेच असावे!

डोलीच्या जाळ्यात मांदेली, जवळा, काटी, बोंबलाची पिल्ले सारे एकत्र येते. पहाटेच्या अंधारात बायका ते भराभर वेगळे करतात. वाटाघाटीत एक मालक म्हणाले, “हे अकुशल काम.” आम्ही त्यांच्यापुढे टोपलीभर मासळी ओतली. त्यांनी काटी बिनदिक्कत मांदेलीत टाकली. काटी चंदेरी, तिची शेपटी दुभंगलेली. शेजारची म्हातारी पदराआड हसली. ‘अकुशल’ हा शब्द मसुद्यातून गेला. मजुरीचे भांडण मात्र पुढे चार महिने चालले.