भाषेचा पदवीधर

मुलगा संस्कृत किंवा पाली घेऊन पदवीधर झाला, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा : आतां पुढें मास्तरकीवांचून दुसरें काय? प्रश्न अयोग्य नव्हे. संसाराला पगार लागतोच. परंतु भाषेचा अभ्यास मनुष्यास कोठवर नेतो हें पाहावयाचें, तर श्रोत्यांनीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीकडे वळावें. १८६२ सालीं बी. ए. झालेल्या त्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे यांच्या जोडीला रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

आरंभ मास्तरकीनेंच झाला. प्रथम सिंधमधील हैदराबाद, मग रत्नागिरी, येथील हायस्कुलांचे ते मुख्याध्यापक होते. इंग्रजी शाळांतील मुलांस संस्कृत सुलभ व्हावें म्हणून त्यांनीं दोन क्रमिक पुस्तकेंही रचिलीं. तेवढ्यावर ते थांबते, तरी उत्तम शिक्षक म्हणून स्मरणांत राहते. पुढें एका पारशी स्नेह्यानें त्यांच्याकडे एक ताम्रपट वाचावयास आणून दिला. भाषा संस्कृत, पण लिपि प्राचीन. संस्कृताच्या प्राध्यापकासच तो वाचतां येईना! ती लिपि शिकण्यासाठीं त्यांनीं ग्रंथ धुंडाळले, आणि एवढ्याशा अडचणींतून भाषेचा पंडित इतिहासाच्या वाटेला लागला. चालुक्य, राष्ट्रकूट, यादव यांचा क्रम ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांवरून लावणारा त्यांचा दक्षिणेचा प्राचीन इतिहास १८८४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं, १८७७ मधील विल्सन व्याख्यानांत, संस्कृतापासून प्राकृत व अपभ्रंश यांतून मराठीपर्यंतची वाट त्यांनीं उलगडून दाखविली होती.

परंतु या विद्येची कसोटी ग्रंथालयाबाहेर लागली. १८९१ सालीं संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यांत मोठें वादळ उठलें. वयाची मर्यादा दहांवरून बारा वर्षांवर नेणें हा धर्मावर घाला आहे, असें विरोधकांचें म्हणणें. परक्या सरकारनें यांत हात घालूं नये, हा टिळकांचा आक्षेप. भांडारकरांनीं आवेशाची भाषा वापरली नाहीं. त्यांनीं गृह्यसूत्रें उघडलीं, विवाहविधींतील वचनांचा अर्थ पदशः लावला, आणि प्राचीन काळीं वधू वयांत आलेली असे हें मूळ ग्रंथांवरूनच दाखविलें. शास्त्र काय सांगतें हें त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचें नव्हतें.

त्याच वर्षीं त्यांनीं आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला.