दुसरा प्रश्न



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषयाचे नाव विचारले तेव्हा आम्ही प्रथम ‘प्रश्नोत्तरांचा तास’ असे कळविले होते. त्यावर एका चालकांनी शंका काढली की, श्रोत्यांना वाटेल, व्याख्यानानंतर आपल्यालाच प्रश्न विचारावयाचे आहेत, आणि ते अगोदरच उठून जातील! म्हणून नाव बदलले. गोष्ट थट्टेची खरी, पण तिच्यात आपला एक स्वभाव दिसून येतो. आपल्याला भाषणे ऐकण्याची हौस फार. विचारण्याचा मात्र कंटाळा. विधिमंडळात काल काय झाले, असे कोणाला विचारा. कोणी सभात्याग केला, कोणी कागद फाडले, हे तो सांगेल. कोणी काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे बहुधा सांगता येणार नाही. वास्तविक विरोधी पक्षाच्या सभासदाचे खरे काम तेच. सभागृहात मतांची मोजणी झाली की तो हरणार, हे ठरलेले असते. परंतु प्रश्न विचारण्याच्या वेळी बहुमत कामाला येत नाही. तेथे एकटा सभासद उभा राहतो आणि साऱ्या खात्याचा धनी असलेल्या मंत्र्याला उत्तर द्यावे लागते.

हे काम कसे चालते, याचे एक घरगुती उदाहरण देतो. आमच्या तालुक्यात एक पाझर तलाव झाला. कागदोपत्री तो पूर्ण झाला, बिलेही चुकती झाली. पण पहिल्या पावसाचे पाणी त्यात आठ दिवस टिकले नाही आणि खालच्या विहिरी होत्या तशाच कोरड्या राहिल्या. त्यावर विधानसभेत तारांकित प्रश्न आला. सरकारी प्रश्नोत्तरांची भाषा आपण वाचली असेल. ‘सदर तलावात पाणी साठत नाही, हे खरे आहे काय, असल्यास, त्याची कारणे काय आहेत?’ उत्तर आले, ‘अंशतः खरे आहे.’ आम्ही ते वाचले आणि कपाळाला हात लावला. मडके गळते किंवा गळत नाही. अंशतः गळणारे मडके आम्ही तरी पाहिलेले नाही!

पण त्या दिवशी विरोधी बाकावरचा एक सभासद उठला आणि त्याने एवढेच विचारले, ‘कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हे मंत्रिमहोदय सांगतील काय?’ मंत्र्यांनी कागद चाळले. कागदात ते नव्हते. जागेवर पाहणी करून माहिती देतो, असे त्यांना म्हणावे लागले. पंधरा दिवसांत इंजिनियर आमच्या गावच्या बांधावर उभा होता. तलाव दुरुस्त व्हायला पुढे दोन वर्षे लागली, हेही सांगितले पाहिजे. परंतु तो सभासद उठला नसता, तर ‘अंशतः खरे’ हेच त्या तलावाच्या चरित्रातील शेवटचे वाक्य ठरले असते.

आमचे आजचे सांगणे या एका प्रसंगात आले आहे. सरकारला पहिल्या प्रश्नाची भीती नसते. पहिल्या प्रश्नाची सूचना आधी गेलेली असते, कचेरीत उत्तर तयार होते, अक्षर न् अक्षर तोलले जाते. भीती असते ती दुसऱ्या प्रश्नाची, म्हणजे ज्याला उपप्रश्न किंवा पूरक प्रश्न म्हणतात त्याची. त्याचे उत्तर कागदावर नसते. ते मंत्र्याच्या ठिकाणी असावे लागते.

आमच्या या विधानाला इतिहासाचा आधार आहे. आपल्या देशात कौन्सिलातील सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तो १८९२ च्या कायद्याने. परंतु उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारण्याची मुभा त्यात नव्हती. १९०९ च्या सुधारणांत ती मिळाली, पण फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. इतर सभासदांना उपप्रश्न विचारता येण्यासाठी १९१९ च्या सुधारणांची वाट पाहावी लागली. म्हणजे पहिल्या प्रश्नापासून मोकळ्या दुसऱ्या प्रश्नापर्यंत यायला इंग्रजी राज्याने सत्तावीस वर्षे घेतली! राज्यकर्ते धूर्त होते. धोका कोठे आहे हे त्यांना बरोबर कळत होते.

त्या अडचणीच्या काळातही नामदार गोखल्यांनी काय केले, हे पुण्यात निराळे सांगावयास नको. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल आणि आकड्यांची कोष्टके वाचण्याचे कठोर शिक्षण त्यांना मिळाले होते. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. खजिन्यात शिल्लक पडते याचा सरकारला अभिमान. पण देश दुष्काळाने पोळलेला असताना शिल्लक पडते, ती भरभराटीची खूण की जास्तीच्या कराची? हा तो दुसरा प्रश्न होता, नियमांच्या पुस्तकात त्याला जागा नसली तरी! त्या वेळी मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. तो १९०३ साली दोन रुपयांवर, १९०५ साली दीडवर आणि १९०७ साली एका रुपयावर आला. सारे श्रेय एका माणसाला देऊ नये. पण गरिबाच्या मिठाचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरणारा तो माणूस होता, यात शंका नाही.

स्वातंत्र्यानंतर गोरे अधिकारी गेले आणि आपले मंत्री आले. मग प्रश्नाची गरज संपली का? पहिल्या दहा वर्षांतच उत्तर मिळाले. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये गुंतविले होते. १९५७ च्या पावसाळ्यात लोकसभेत त्यावर प्रथम प्रश्न आला आणि त्याला गुळमुळीत उत्तर मिळाले. नोव्हेंबरात पुन्हा विचारले गेले. डिसेंबरात फिरोज गांधींनी सारे प्रकरण सभागृहापुढे उलगडले. न्यायमूर्ती छगलांची चौकशी बसली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. येथे विचारणारे सत्ताधारी पक्षाचेच होते, हे विसरू नये. प्रश्न विचारण्याची वृत्ती बाकावरून ठरत नाही. परंतु स्वपक्षाला अडचणीत आणणारा फिरोज गांधी पिढीत एखादा निपजतो. म्हणून हे काम नित्यनेमाने करणारा विरोधी पक्ष लागतो.

आता १९६३ सालाकडे येऊ. त्या वर्षी डॉ. राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीत फरुखाबादहून निवडून लोकसभेत आले. ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. असा ठराव त्या सभागृहात प्रथमच येत होता. ठराव पडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते आणि तो पडलाही, ६२ विरुद्ध ३४७ मतांनी. परंतु त्या वादात लोहियांनी एक आकडा टाकला. या देशातील सत्तावीस कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगतात, असे ते म्हणाले. पंतप्रधानांनी उत्तर दिले, तीन नव्हे, पंधरा आणे. नाणी दशमान होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. पण गरिबाचा हिशेब अजून आण्यांतच चालत होता.

पंधरा आणे हे उत्तर खोटे होते का? तसे म्हणता येणार नाही. देशाच्या उत्पन्नाला माणसांनी भागले, वर्षाला दिवसांनी भागले, की त्याच्या जवळपासचा आकडा येत होता. पण ती सरासरी होती! नऊ जण उपाशी आणि दहावा पंचपक्वान्ने जेवणारा अशी पंगत बसली, तर सरासरीने सगळेच जेवलेले ठरतात. लोहियांचा दुसरा प्रश्न हाच होता. सरासरी कोणाची? वरचे धनिक बाजूला काढा आणि उरलेल्यांच्या पानात काय पडते ते सांगा. सप्टेंबरात यावर स्वतंत्र चर्चा झाली, तेव्हा नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी खालच्या साठ टक्के लोकांसाठी जो आकडा दिला, तो साडेसात आण्यांचा होता. पंधराचे साडेसात झाले. ठराव हरला होता. दुसऱ्या प्रश्नाने निम्मे उत्तर खाली उतरविले.

मग लोहियांचे तीन आणे तरी खरे होते का? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर तो आकडा फार खाली धरलेला होता. पुढे १९७१ साली आपल्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा जो हिशेब ग्रंथरूपाने मांडला, त्यात १९६०-६१ च्या भावांनी खेड्यातील माणसाला जगण्यासाठी महिना पंधरा रुपये, म्हणजे दिवसाला आठ आणे, लागतात असे धरले होते. आणि खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के, शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक किमान पातळीच्या खाली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शहरातल्या माणसाची पातळी त्यांनी अधिक, महिना साडेबावीस रुपये, धरली होती. म्हणजे लोहियांचा आकडा टिकला नाही, पण प्रश्न टिकला. देशात गरीब किती आणि त्यांच्या वाट्याला काय येते, हे सरासरीच्या आड लपविता येणार नाही, एवढे कायमचे ठरले. विचारणाऱ्याचा आकडा चुकू शकतो. त्याचा प्रश्न योग्य असेल, तर खरा आकडा शोधण्याची जबाबदारी दुसऱ्यांवर येते. लोकशाहीत याहून मोठी कामगिरी कोणती?

लोहियांचे सहकारी मधू लिमये हे तर आपल्या पुण्याचे. १९२२ साली येथे जन्मलेला हा माणूस १९६४ साली बिहारातील मुंगेरहून निवडून लोकसभेत गेला. सभागृहाचे नियम त्यांनी असे घोटले होते की, ते उठले म्हणजे मंत्री सावरून बसत. नियम हे अडथळे आहेत असे पुष्कळ सभासदांना वाटते. प्रश्नात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, बदनामी नको, असे लोकसभेचे नियम सांगतात. लिमये यांना त्या बंधनांतच बळ सापडले. विशेषणे काढून टाकली की प्रश्न टोकदार होतो. ‘भ्रष्ट मंत्री’ म्हटले तर मंत्र्याला रागावता येते. ‘परवाना कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने दिला?’ असे विचारले, तर रागवायलाही जागा उरत नाही.

मंत्र्यांच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. पुष्कळदा त्यांच्या खात्यात काय चालले आहे, हे त्यांनाच प्रश्न आल्यावर कळते. शहाणा मंत्री विरोधी सभासदाला आपला बिनपगारी तपासनीस समजतो. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे सांगून सुटणाऱ्या मंत्र्यांचा पाठपुरावा व्हावा म्हणून दादासाहेब मावळंकर अध्यक्ष असताना, १९५३ साली, लोकसभेत आश्वासन समिती नेमली गेली. ती समिती म्हणजे दुसऱ्या प्रश्नाची कायमची व्यवस्थाच होय.

विचारणारेही सारे धुतल्या तांदळासारखे नसतात. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल २००५ साली अकरा खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले. आणि जे पैसे घेत नाहीत, त्यांतले कित्येक गोंधळ घालून तो तासच बुडवितात. मोठ्या कष्टाने तारांकित यादीत लागलेला प्रश्न घोषणांत वाहून जातो, आणि सुटकेचा श्वास कोण टाकतो? मंत्री! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती झाकलेली राहावी म्हणून विरोधकांनीच मदत करावी, यासारखा विनोद नाही.

हा तास बंद राहण्याचे प्रसंगही आले. १९६२ च्या आणि १९७१ च्या युद्धकाळात तो स्थगित झाला. आणीबाणीत तो बंद पडला तेव्हा विचारणारे लिमये तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढविली, ती जनतेने दिलेली नव्हे, म्हणून त्यांनी १९७६ साली तुरुंगातूनच राजीनामा दिला. २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने प्रश्नोत्तरांचा तास वगळला गेला. लेखी उत्तरे मात्र चालू राहिली. पुष्कळांना वाटले, उत्तरे तर मिळताहेत, मग बिघडले काय? बिघडले ते एवढेच की, लेखी उत्तराला तेथल्या तेथे उपप्रश्न विचारता येत नाही. त्या अधिवेशनापुरते आपण १८९२ साली जाऊन बसलो!

आता आपल्याकडे वळतो आणि पुरे करतो. निवडणुकीत आपण उमेदवाराला विचारतो, रस्ता आणलात का, दिवे आणलेत का, लग्नकार्याला आलात का. सभागृहात तुम्ही काय विचारले आणि उत्तर आल्यावर पुढे काय विचारले, हे आपण विचारतो का? जे गिऱ्हाईक मागते तेच दुकानात येते. आपण घोषणा मागितल्या, घोषणा आल्या.

त्या पाझर तलावाच्या बांधावर इंजिनियर आला, त्या दिवशी गावातले एक वृद्ध शेतकरी आम्हांला म्हणाले, ‘अहो, मुंबईत आमच्या विहिरीचं बोलणं झालं म्हणे. कोण बोललं?’ तो सभासद आमच्या तालुक्याचा नव्हता, त्याने गाव पाहिलेही नव्हते. त्याने फक्त छापील उत्तर नीट वाचले होते. आम्ही नाव सांगितले. म्हाताऱ्याने ते दोनदा म्हणून पाठ केले. तेवढे तरी आपण सर्वांनी करावे, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.