कपाळ माझं

(धाराशिव जिल्ह्यातल्या एका महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



कायदे, निवेदनं, मोर्चे यांवर सकाळपासून पुष्कळ चांगलं बोलून झालं. मी आपली घरातल्या सवयींवर बोलणार आहे. त्यांच्या विरोधात मोर्चा काढता येत नाही, हीच मोठी पंचाईत आहे.

माझं सासर लोहारा भागातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, माळवदावर दरवर्षी चढवलेली माती. ते सगळं एकदम खाली आलं. किल्लारीचं नाव जगाला कळलं, पण आमच्या बाजूचं सास्तूर आणि आसपासची गावंही तशीच गेली. दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यात माझे मालक होते. मी तापाच्या लेकराला घेऊन अंगणात निजले होते म्हणून राहिले.

भिंती पडल्या तशा रीती पडल्या नाहीत. घरात पीठ नव्हतं, पण बांगड्या फोडायला दगड भरपूर होते. एकेका गावात एवढ्या बायका एकाच पहाटे विधवा झाल्या, तरी प्रत्येकीचं कुंकू पुसायला कुणी ना कुणी सवड काढलीच. वर "देवी कोपली" आणि "हिचा पायगुण" हे दोन्ही मी ऐकलं. वर्षाच्या आत मी लेकराला घेऊन माहेरी, तुळजापूर तालुक्यात आले.

विधवापण म्हणजे नुसतं पांढरं कपाळ नाही. ते सगळ्या अंगात भिनतं. कुणी कामाला निघालं की मी आपोआप दाराआड व्हायची. मला कुणी तसं सांगितलेलं नसायचं. लग्नघरी चुलीपाशी बसायचं, मांडवात यायचं नाही. सगळ्यांच्या मागून जेवायचं, उरलं तर. हसू आलं तर पदर तोंडाला. आणि मंगळवारचा उपवास, कडक. देवीनं लेकराला तरी हात लावू नये म्हणून. ती भक्ती होती असं मला वाटत नाही. ते हप्ते भरणं होतं.

त्या काळात पडक्या आणि तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेनं त्यात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. मंजुरी काय आली, पैसे कुठल्या टप्प्याला मिळतात, काम कसं व्हायला पाहिजे, हे गावाला समजावून सांगायचं काम. मी त्यात पडले ती चार पैसे मिळतील म्हणून. प्रशिक्षणात आम्हांला भिंत का पडते ते दाखवलं. भिंतीचे आतले-बाहेरचे असे दोन थर, त्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, मधे नुसती माती आणि चिपा, आणि डोक्यावर टनावारी ओझं. जमीन हलली की दोन थर दोन बाजूंना फुगतात आणि छप्पर मधे बसतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मालकांना देवीनं मारलं नव्हतं. माझ्या पायगुणानं तर मुळीच नाही. घराच्या बांधणीनं मारलं होतं. गवंड्याला "इथं आरपार दगड का नाही घातला?" असं विचारायला लागले तेव्हा माझं दाराआड होणं कधी सुटलं ते मलाच कळलं नाही. शिडीवर चढलेल्या बाईला दाराआड कसं होता येणार?

देव मात्र सुटला नाही. आपल्या शिबिरांत काही जणींना याचं नवल वाटतं, म्हणून जरा सांगते. आमच्या गावात एक म्हातारी आराधीण होती. मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायची. नवरा कधीचाच वारलेला, पण कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, आणि सवाष्णी तिच्या पाया पडायच्या. मी विचारलं, "आजी, तुला चालतं ते मला का चालत नाही?" म्हणाली, "मी देवीची हाय. तू अजून लोकांची हायस." तेव्हा हे उत्तर मला फार आवडलं. आता तेवढं आवडत नाही. बाईनं कुणाची तरी असायलाच पाहिजे का?

दुसरी गोष्ट मूर्तीची. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. महिषासुराशी लढून दमली म्हणून श्रमनिद्रा. जन्मभर हे ऐकत आले होते. एका दसऱ्याला रांगेत उभी असताना डोक्यात आलं, हिला दमायची मुभा आहे! त्या आठवड्यापासून मी दुपारी अर्धा तास आडवी व्हायला लागले. आई म्हणाली, "दिवसाढवळ्या?" मी म्हटलं, "देवी निजलीय तवर." पुढं कोजागरी उलटली तरी निजत राहिले. मग ताटावर सगळ्यांबरोबर बसायला लागले. तपासणीत रक्त कमी निघालं आणि मंगळवारचा उपवास सोडला. भीती वाटली, नाही म्हणत नाही. लेकरू ठणठणीत राहिलं. आता तुळजापूरला जाते ती काही मागायला जात नाही. बसते, बघते, घरी येते.

आता कपाळाचं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. मी वाचलं आणि रडले. माझ्यासाठी उशीर झाला होता, पण रडू त्याचं नव्हतं.

त्यानंतर विधवांच्या हळदीकुंकवाचे कार्यक्रम निघाले. अशाच एकात एका उत्साही मुलीनं मला न विचारता कुंकवाचं बोट पुढं केलं. मी तिचा हात धरला. सभा गप्प. तिला वाटलं, म्हातारी जुन्या वळणाची आहे. मी म्हटलं, "बाळा, पुसणारीनं विचारलं नव्हतं. तू तरी विचार." तीस वर्षं मी मोकळ्या कपाळानं गवंड्यांशी, ग्रामसेवकांशी भांडले आहे. आरशात तेच कपाळ बघते, आणि ते मला आवडतं. कधी टिकली लावते, पातळाला शोभेल अशी. कधी नाही लावत. ज्या बाईला ठसठशीत कुंकू लावावंसं वाटतं तिच्यासाठी मी कुणाशीही भांडेन. पण सवाष्ण केल्यावरच बाई पुरी होते, असं या कार्यक्रमांतून कळत-नकळत म्हटलं जातं, ते मला पटत नाही.

आमच्या गावात असाच ठराव करायचा घाट घातला आहे. मसुदा गटातल्या बायकांनी केला. मी त्यात एक ओळ घालायला लावली: विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या कपाळाला हात लावू नये, पुसायला नाही आणि लावायलाही नाही. बाकी सगळं लगेच मान्य झालं, या ओळीवर दोन बैठका अडल्या आहेत. एक म्हणते, मग सणाला काय करायचं? दुसरी म्हणते, सासूला विचारून सांगते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसणार आहोत. तुमच्या गावात असा ठराव झाला असेल तर त्याची नक्कल मला द्या, जाण्याआधी.