बचतीला जोड : छोट्या धंदेवाल्यांची पुंजी
(सोसायटीच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. बाजाराच्या दिवशी भाजीवाले, चहाच्या गाडीवाले, चपला शिवणारे आमच्या खिडकीपुढे उभे असतात. त्यांचेच दोन हिशेब आज मांडतो.

२०१९ साली केंद्र सरकारने दोन योजना सुरू केल्या. फेरीवाले, चर्मकार अशा महिना पंधरा हजारांपर्यंत मिळकत असणाऱ्या असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन, आणि वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारांसाठी लघु व्यापारी मानधन. वय १८ ते ४०. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये आपण भरायचे, तेवढेच सरकार भरणार. साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. पेन्शनरच्या मागे पती किंवा पत्नीला त्याच्या निम्मे.

एकोणतिसाव्या वर्षी नाव घातले, तर महिना १०० रुपये. साठीपर्यंत एकतीस वर्षांत पदरचे ३७,२०० रुपये जातात. पेन्शन वर्षाला ३६,००० रुपये. म्हणजे तेरा महिन्यांत आपले पैसे वसूल! सौदा चांगला दिसतो.

पण एका भाजीवाल्या मावशींनी आम्हांला विचारले, "सायेब, मधीच लेकरू आजारी पडलं तर पैसं काढता येत्याल का?" प्रश्न अचूक होता. दहा वर्षांच्या आत योजना सोडली, तर आपली रक्कम बचत खात्याच्या व्याजासह परत मिळते. सरकारची जोड मिळत नाही. शिवाय आजच्या ३,००० रुपयांना तीस वर्षांनी बाजारात काय येईल, हेही पाहिले पाहिजे.

ज्याचे भांडवल रोज सकाळी उभे राहते आणि संध्याकाळी संपते, त्याला जोड आधी आजच्या धंद्याला हवी. ती वाट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. गटाच्या बचतीच्या पटीत, जामीन-तारणावाचून कर्ज, हे त्याचे सूत्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने घरबांधणीच्या कामात महिलांना संवाद सहायक म्हणून उभे केले. पुढे त्याच कामातून गावोगाव महिलांचे बचत गट वाढले. गटातला पैसा अडचणीला हाती येतो, सावकाराचा उंबरठा चुकतो.

भगवान बुद्धांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग सांगितले : एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी आणि चौथा संकटासाठी राखून. साठीपर्यंत कुलूपबंद राहणारा पैसा हा चौथा भाग नव्हे. म्हणून क्रम असा धरावा : आधी गटातली बचत, मग धंद्याचे भांडवल, आणि दरमहा निभेल अशी खात्री झाल्यावर पेन्शन.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे वडील चाळिशी ओलांडून गेले असतील, तर या योजनांत ते बसत नाहीत. पण थोरला भाऊ, वहिनी बसतील. त्यांच्यासोबत सीएससी केंद्रात जा, आजचे नियम विचारा, फॉर्म वाचून दाखवा आणि मगच अंगठा किंवा सही होऊ द्या. आपल्या शिक्षणाचा घराला पहिला उपयोग हाच व्हावा, एवढे सांगून आम्ही रजा घेतो.

जय भीम!