वयाचें माप आणि श्रमाचें माप

लातूर शहरांत पहाटे पांच वाजतां एका भाड्याच्या खोलींत दिवा लागतो. सोळा वर्षांचा एक विद्यार्थी पुस्तक उघडून बसतो. खोलीपासून शिकवणीच्या वर्गापर्यंत आणि वर्गापासून पुन्हां खोलीपर्यंत एवढीच काय ती त्याची चाल. बाकीचा दिवस, रात्रीचे अकरा वाजेपर्यंत, तो बसलेलाच असतो. त्याच पहाटे जवळच्या एखाद्या खेड्यांत सहा महिन्यांची गर्भवती स्त्री डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून परतते. थोड्याच वेळानें ती शेतांत खुरपणीला वांकणार असते. आणि नांदेडास गोदावरीकांठीं राहणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ, गुडघे दुखतात म्हणून, फिरावयास जाण्याचा बेत आजही रहित करतात.

या तिघांना मिळून एकच उपदेश करावयाचा असें कोणी ठरविलें, तर तो कोणता करावा? "व्यायाम करा" हें वाक्य पहिल्याला योग्य, दुसरीला क्रूर आणि तिसऱ्याला अपुरें ठरेल. शरीराची हालचाल आणि आरोग्य यांच्या संबंधाविषयीं गेल्या सत्तर वर्षांत जें संशोधन झालें, त्याचें सार याच भेदांत सांपडतें.

या संशोधनाचा एक उगम लंडनच्या दुमजली बसमध्यें आहे. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच बसवर दोन माणसें काम करीत: ड्रायव्हर दिवसभर आसनावर बसलेला, आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळला, आणि तो जडल्यास लवकर प्राणघातक होण्याचा संभवही त्यांच्यांतच अधिक दिसला. यावर एक रास्त शंका निघाली. मुळांतच स्थूल असलेलीं माणसें ड्रायव्हर होत असतील तर? तेव्हां या संशोधकांनीं गणवेशाच्या विजारींचीं मापें तपासलीं. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच रुंद निघाल्या! आपल्याच निष्कर्षाला बाध आणूं शकेल अशी ही गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. १९५६ सालीं ती छापून टाकली. शास्त्राची प्रतिष्ठा अशाच प्रामाणिकपणावर उभी राहते.

पुढें अमेरिकेंत डॉ. राल्फ पॅफेनबर्गर यांनीं हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारें सतरा हजार माजी विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९७८ सालीं बाहेर आले. त्यांतील एक गोष्ट प्रत्येक गृहस्थानें मनावर कोरून ठेवण्यासारखी आहे. महाविद्यालयांत असतांना नामांकित खेळाडू म्हणून गाजलेले, परंतु पुढें खुर्चीला खिळलेले जे होते, त्यांना त्या जुन्या कीर्तीचा कांहींही लाभ हृदयविकारापासून झाला नाहीं. उलट, तरुणपणीं मैदान न पाहिलेले पण मध्यम वयांत नियमानें चालूं-फिरूं लागलेले गृहस्थ अधिक सुरक्षित आढळले. व्यायाम ही पेढींत ठेवून व्याजावर जगण्याची ठेव नव्हे. ती रोजची कमाई आहे.

परंतु लंडन आणि हार्वर्ड येथील माणसें मराठवाड्यांतील माणसें नव्हेत. येथील प्रश्नाची दुसरी बाजू पुण्याजवळील सहा खेड्यांनीं दाखवून दिली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून तेथील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास आरंभिला. शेतकाम, पाणी आणणें आणि घरकाम यांचा भार मोजण्यांत आला. डॉ. शोभा राव आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: गर्भारपणाच्या प्रारंभीं आणि मध्यावर जिच्यावर कष्टांचा भार अधिक, तिचें मूल सरासरीनें वजनास कमी.

त्याच अभ्यासांत आणखी एक विलक्षण गोष्ट दिसून आली. या खेड्यांतील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो. मात्र पुण्याकडील बालक स्नायूंनीं कृश असलें, तरी त्याच्या त्वचेखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. वरून किडकिडीत आणि आंतून मेदयुक्त अशी ही देहरचना पुढील आयुष्यांत मधुमेहाला अनुकूल ठरते, असें डॉ. याज्ञिक यांचें प्रतिपादन आहे. म्हणजे हालचालीचा हिशेब पाळण्याबाहेर नव्हे, गर्भांतच सुरू होतो.

हा हिशेब आतां नांदेड-लातुरास लावून पाहावा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजीं नांदेड येथें स्थापन झालें. आज त्याच्या क्षेत्रांत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे असून लातुरास त्याचें उपकेंद्र आहे. आरंभीं वर्णिलेलीं तिन्ही माणसें या एकाच विद्यापीठाच्या अंगणांत राहतात. अशा प्रदेशांतील विद्यापीठाला या विषयाच्या संशोधनासाठीं परदेशीं जावें लागत नाहीं. बसणें आणि राबणें हीं दोन्ही टोकें त्याच्या दारांतच आहेत.

बसण्याचें टोक किती पसरलें आहे तें एका मोठ्या पाहणीवरून कळतें. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील १४,२२७ प्रौढांची पाहणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या योजनेंतून झाली. तिचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. शहरांत शेंकडा ६५ आणि खेड्यांत शेंकडा ५० लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. महाराष्ट्रांत तर शंभरांतील ९१ जणांनीं, मोकळ्या वेळांत आपण कोणताही व्यायाम करीत नाहीं, असें सांगितलें. राबण्याच्या टोकाची आठवण लातूरकरांस वेगळी करून द्यावयास नको. २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तेव्हां घागरी कोणाच्या डोक्यावर होत्या हें सर्वांनीं पाहिलें आहे.

मग प्रत्येक वयाचें माप कोणतें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं तें सांगितलें आहे. पांच ते सतरा वर्षांपर्यंत रोज सरासरीनें एक तास धांवपळीची हालचाल हवी. प्रौढांस आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची, म्हणजे झपझप चालण्यासारखी हालचाल हवी, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही हवा. पासष्टीनंतर यांत आठवड्यांतून तीन दिवस तोल सांभाळण्याच्या आणि शक्तीच्या व्यायामाची भर पडते; कारण त्या वयांत नुसतें चालणें पुरत नाहीं, पडणें टाळावयाचें असतें. गर्भवतीस वैद्याची हरकत नसेल तर चालणें-फिरणें हितकरच आहे. तिला अपाय करतो तो जड भार, तुटपुंजें अन्न आणि विसाव्याचा अभाव.

लातुरास मुलगा शिकावयास ठेवणारे पालक वर्गाची कीर्ति विचारतात, खाणावळ पाहतात, खोलीचें भाडें ठरवितात. मुलाच्या दिवसांतील तो एक तास कोठें आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. "परीक्षा होऊं द्या, मग खेळेल," हें उत्तर ठरलेलें असतें. परंतु सोळाव्या वर्षीं बसण्याची लागलेली संवय परीक्षेबरोबर संपत नाहीं. आणि हाडांना बळकटी येण्याचा जो काळ तारुण्याच्या उंबरठ्यावर असतो, तो मागाहून परत मागतां येत नाहीं.

म्हणून सुशिक्षित घरानें एवढेंच करावें. घरांतील तरुणाच्या वेळापत्रकांत तो एक तास अभ्यासाइतक्याच ठळक अक्षरांत मांडावा. आजोबांना एकट्यानें फिरावयास धाडण्याऐवजीं कोणीतरी सोबत जावें, आणि हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून दहा वेळां उठण्याचा परिपाठ त्यांना, झेपेल तसा, घालून द्यावा. आणि घरीं कामाला येणारी बाई गर्भवती असेल, तर पाण्याची जड बादली तिच्या हातून काढून घरांतील धडधाकट माणसानें उचलावी. ती बादली उचलल्यानें एकाचा व्यायाम होईल आणि दुसरीला विसावा मिळेल. दोघांचीही प्रकृति त्यानें सुधारेल, आणि अजून जन्माला न आलेल्या तिसऱ्या जिवाचीही.