परमुलखातील पथारी आणि पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशप्रवासात उतरावे कोठे आणि जेवावे काय, या विषयावर मी बोलावे अशी आपल्या कार्यवाहांची आज्ञा झाली. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु आपल्याच मंडळातील एक वृद्ध दांपत्य गेली तीन वर्षे मुलाकडे जपानला जाण्याचे पुढे ढकलीत आहे. पैशाची अडचण नाही, प्रकृतीची नाही, मुलाने तिकिटेही पाहून ठेवली आहेत. आजींचा प्रश्न एवढाच की, “तिथे मी खाऊ काय?” नातू आता चालू लागला आहे. तेव्हा हा प्रश्न किरकोळ म्हणवत नाही. सर्व जग एका तासात उरकण्यापेक्षा मी आज जपानपुरतेच बोलेन. प्रथम प्रशिक्षणानिमित्त आणि नंतर कुटुंबासह अशा दोन वेळा मी तेथे राहिलो आहे.

आधी मुक्कामाचे पाहू. आपल्याकडे हॉटेल निवडताना आपण त्याचे नाव पाहतो. तेथे स्टेशन पाहावे. टोकियोत यामानोते नावाचा लोहमार्ग शहराच्या मध्यभागाला वळसा घालतो. त्यावर तीस स्थानके आहेत आणि त्यांपैकी एखाद्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर खोली मिळाली, तर ती दूरच्या प्रशस्त खोलीपेक्षा श्रेयस्कर समजावी. कारण मध्यरात्र उलटल्यावर एकच्या सुमारास गाड्या बंद होतात, त्या पहाटेपर्यंत धावत नाहीत, आणि टॅक्सीचे भाडे आपल्या दैनिक भत्त्याला परवडणारे नसते.

‘बिझनेस हॉटेल’ या नावाने ओळखली जाणारी साधी, स्वच्छ हॉटेले आपल्यासारख्यांना योग्य. खोली इतकी लहान की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पलंगावर बसावे. मात्र पती-पत्नींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे ‘सेमी-डबल’ नावाचा जो पलंग असतो तो जेमतेम चार फूट रुंद असतो. ‘ट्विन’ म्हणजे दोन स्वतंत्र पलंगांची खोली मागावी. संसाराला बाधा येत नाही. दुपारी तीनपूर्वी खोलीचा ताबा बहुधा मिळत नाही, पण सामान मात्र आनंदाने ठेवून घेतात.

पारंपरिक जपानी विश्रामगृहास ‘र्‍योकान’ म्हणतात. तातामीच्या चटया, जमिनीवर घातलेली गादी, गरम पाण्याचे सामायिक स्नानगृह. एकदा तरी अनुभवावे असे हे आहे. परंतु तेथील दर पुष्कळदा खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. आकडा पाहून ‘चौघांना एवढेच?’ म्हणून हर्ष होतो, तो चारांनी गुणल्यावर ओसरतो. आणि पथ्य असेल तर ते खोली राखून ठेवतानाच कळवावे. ताट समोर आल्यावर ‘हे चालत नाही’ म्हणणे हा तेथे स्वयंपाक्याचा पराभव समजला जातो. तो बिचारा कसनुसा होऊन माफी मागत राहतो आणि आपण उपाशी राहतो.

खासगी घरे भाड्याने घेण्याची पद्धतही आता रूढ आहे. जून २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने अशा घरांना नोंदणी आवश्यक केली असून वर्षातून १८० दिवसांचीच मुभा दिली आहे. नोंदणी क्रमांक दाखविला नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. ही माझी सरकारी खोड म्हणा, पण क्रमांकावाचून माझा कशावर विश्वास बसत नाही. घर घेतल्याचा लाभ असा की स्वयंपाकघर मिळते आणि आजींचा निम्मा प्रश्न सुटतो.

उरलेला निम्मा प्रश्न म्हणजे ‘दाशी’.

मी इतिहास घेऊन बी. ए. झालेला मनुष्य, थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई करणारे फर्मान काढले. बौद्ध विचारांच्या प्रभावाने पुढील कित्येक शतके चतुष्पादांचे मांस तेथे निंद्य मानले गेले. सम्राट मेइजी याने १८७२ साली जाहीरपणे गोमांस खाल्ले, ही त्या काळी बातमी झाली. परंतु मासा या बंदीत कधीच नव्हता. म्हणून आजही ‘मी मांस खात नाही’ असे सांगितल्यावर जपानी माणूस अत्यंत सद्भावाने मासा पुढे ठेवतो. त्याच्या भाषेत ‘निकु’ म्हणजे मांस, ‘साकाना’ म्हणजे मासा; या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणि मासा दिसत नसला तरी असतोच. आपल्या कुप्याच्या जातीचा ‘कात्सुओ’ मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवितात आणि त्याचे कीस काढतात. त्या किसाचे पाणी म्हणजे नेहमीची दाशी. सोयाबीनच्या आंबवणाचे मिसो सूप, शेवयांचा रस्सा, भाजीवरची आमटी, तळलेल्या तोफूखालचा पातळ रस, सर्वांत ती. आपल्या स्वयंपाकात फोडणी जशी न विचारता येते तशी ती तेथे येते. त्यामुळे ‘यात मासा आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. विचारायचे ते दाशीविषयी.

ज्यांना मासे चालतात त्यांनी मात्र जपानची चिंता करू नये. मिठात भाजलेला ‘साबा’, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, सोबत भात, सूप आणि लोणचे असे ताट दुपारी साध्या खानावळीत माफक दरात मिळते. माझे एक मालवणी सहकारी चार दिवसांत इतके रमले की परतीच्या प्रवासात त्यांना फक्त सोलकढीची उणीव जाणवली. खानावळीच्या दर्शनी काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. बोट दाखवावे, काम होते. पाणी किंवा चहा बहुधा फुकट मिळतो. बक्षिसी ठेवू नये. विसरलात असे समजून नोकर रस्त्यापर्यंत धावत येतो. मद्यालयवजा खानावळीत मात्र न मागता एक लहानशी वाटी समोर येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. ती बसण्याची पट्टी समजावी. वाद घालू नये.

शिंजुकु भागातील ‘नाकामुराया’ या जुन्या पेढीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९१५ मध्ये इंग्रजांच्या मागणीवरून हद्दपारीचा हुकूम निघाला असता क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना या पाववाल्या कुटुंबाने आपल्या घरी लपविले. पुढे ते त्या घरचे जावई झाले, आणि १९२७ पासून तेथे भारतीय पद्धतीची ‘करी’ मिळू लागली. शाकाहारी मंडळींना ती उपयोगी नाही, कारण ती कोंबडीची आहे. पण दुकान बाहेरून पाहण्यास हरकत नाही.

आता आजींसाठी. ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून दक्षिणेस गाडीने जाऊन, शेवटी दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्यात बसून सुमारे आठशे मीटर उंचीवर चढले की कोयासान लागते. कूकाई या आचार्याला ८१६ मध्ये सम्राटाने हा डोंगर दिला. तेथील पन्नासच्या आसपास मंदिरांत यात्रेकरूंना मुक्काम मिळतो. जेवण ‘शोजिन’ पद्धतीचे: मांस नाही, मासा नाही, आणि परंपरेने कांदा-लसूणही नाही. दाशी समुद्रवनस्पतीची व सुक्या अळंब्यांची. तिळाचा ‘गोमादोफू’, गोठवून वाळविलेल्या तोफूची भाजी, रानभाज्यांची तळणी, भात. चातुर्मास पाळणाऱ्या बाईने परदेशात निःशंकपणे बसावे अशी दुसरी पंगत मला आढळली नाही. जेवण संध्याकाळी सहाच्या आत, पहाटे प्रार्थना. आपल्या मठांची शिस्त आठवते. मात्र बैठक जमिनीवर असते, म्हणून गुडघे धरणाऱ्यांनी खुर्चीची व कमोडची सोय आधी विचारावी, आणि हिवाळ्यात जाऊ नये. दोन लाखांहून अधिक समाध्या असलेल्या ओकुनोइन या वनात सिद्धम् लिपीतील संस्कृत बीजाक्षरे कोरलेली दिसतात. कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही उभा आहे.

टोकियोतील निशिकासाई भागात भारतीय वस्ती मोठी असून डाळी, पिठे, मसाले मिळतात. त्या एदोगावा विभागाच्या परिषदेवर २०१९ मध्ये अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, यावरून तेथील आपल्या लोकांच्या वस्तीची कल्पना यावी. त्यामुळे घरातून पोती भरून नेण्याचे कारण नाही. मेतकूट, भाजणी आणि कोरडी चटणी पुरे. खोलीत पाणी उकळण्याची किटली असतेच. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता प्रमाणपत्राशिवाय नेऊ नये. विमानतळावर काढून घेतात. मांसाच्या पदार्थांबाबत नियम त्याहून कडक आहेत.

आपण सारे नोकरीधंद्यापायी मुलूख सोडून आलेले. बदलीच्या गावी मोहरीच्या तेलाशी आणि खोबरेलातल्या भाजीशी ज्या गृहिणींनी जमवून घेतले, त्यांना एका माशाच्या पाण्याने अडवावे हे मला पटत नाही. म्हणून मी एक चिठ्ठी तयार केली आहे. तीत जपानी लिपीत आणि खाली देवनागरीत असे लिहिले आहे: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बु-दाशी वा दाइजोबु देस.’ अर्थात, मांस व मासे मला चालत नाहीत, कात्सुओची दाशीही नाही, समुद्रवनस्पतीची चालते. खानावळीत शिरतानाच ती दाखवावी, बसल्यावर नव्हे. चिठ्ठीच्या पन्नास प्रती कार्यवाहांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एक मी आजींसाठी बाजूला काढली आहे; त्यांच्या शेजारी बसणाऱ्या कोणी ती कृपया पोहोचवावी.